डीकनची पाठवणी

व्हर्लीन हॅचरच्या घरात कुत्रं नाही असा दिवस मी, तिचा शेजारी, कैक वर्षांत पाहिला नव्हता. तिच्या आणि माझ्या अंगणामध्ये तारेचं कुंपण आहे. सकाळी मी कॉफी घेऊन बाहेर आलो की त्या तारेला नाक लावून कोणी ना कोणी माझ्याकडे बघत असायचं. कधी तीन पायांचं, कधी एका डोळ्याचं, कधी नुसती हाडं आणि वर कातडं. मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून लोकांचा गैरसमज होतो.

ती ही कुत्री पाळायची नाही, सांभाळायची. यात फरक आहे, आणि तो तिनं मला इतक्यांदा ऐकवलाय की आता मीच दुसऱ्यांना ऐकवतो. कोणी हायवेवर गाडीतून ढकलून दिलेलं, कोणी घर सोडून जाताना खांबाला बांधून ठेवलेलं, असलं कुत्रं आमच्याकडे काउंटीच्या, म्हणजे सरकारी, कोंडवाड्यात जातं. तिथं जागा थोडी. जागा संपली की काय होतं ते कोणी मोठ्यानं बोलत नाही. आमच्या गावातली रोंडा आणि तिच्या मैत्रिणी तिथून जमतील तेवढी बाहेर काढतात आणि घराघरांत ठेवायला देतात. ज्याच्या घरी येईल त्यानं त्याला खायला घालायचं, औषधं द्यायची, हात उगारला नाही तरी अंग चोरतं ती सवय मोडायची, घरात मुतायचं नाही हे शिकवायचं. एवढं करून ते जरा माणसात आलं की दुसऱ्याच्या हवाली करायचं आणि पुढचं आणायचं.

"म्हणजे बाळंतपण तू काढायचं आणि पोर दुसऱ्यानं न्यायचं," मी एकदा म्हणालो.

"बरोब्बर. आणि एक जरी ठेवून घेतलं ना ओडेल, तर त्याच्या जागी येणारं कोंडवाड्यातच राहतं. माझ्याकडे खाट एकच आहे."

ती एक खाट म्हणजे स्वयंपाकघरातल्या खिडकीखालची चटई. व्हर्लीननं जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. नवरा गेला, मुलगी जेनेल लग्न होऊन ओक्लाहोमात टल्साला गेली, आणि शाळेतून सुटका झाली त्याच महिन्यात बाईंनी पहिलं कुत्रं आणलं. अर्कान्सासच्या उन्हाळ्यात हातपाय हलवायचा कंटाळा येतो, पण ही आपली पहाटे उठून कोणाच्या तरी कानात औषध घालतेय. एका मागून एक, एका मागून एक. दमायची फार. संध्याकाळी व्हरांड्यात खुर्चीत बसायची तेव्हा डोळे उघडे आणि माणूस झोपलेलं असं दिसायचं. "हे शेवटचं बघ," म्हणायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी नुसता बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास पुढं करायचो.

रोंडाच्या मंडळींत एक रीत आहे. कुत्रं नव्या घरी जाताना त्याच्याबरोबर सांभाळणाऱ्या घराचं एखादं न धुतलेलं कापड द्यायचं. कोणी उशीची खोळ देतं, कोणी पंचा. नव्या घरात पहिल्या दिवशी सगळेच वास परके असतात, त्यात एक तरी ओळखीचा असावा. व्हर्लीन शर्ट द्यायची. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून जाड चौकड्याचे शर्ट आणायची, आठवडाभर अंगात घालून त्यातच झोपायची, आणि मग घडी करून पिशवीत. तिची सगळी कुत्री त्या शर्टावर झोपून नव्या घरात रुळली. नव्या घरची माणसं फोन करून सांगायची, आणि हिला त्याचा फार अभिमान. तसं बघितलं तर तिला दुसऱ्या कशाचा अभिमान नव्हताच.

डीकन आला तो हरणाच्या शिकारीचा हंगाम संपल्यावर. तेव्हा दरवर्षी येतात. शिकारीत उपयोगी न पडलेला कुत्रा परत घरी न्यायला नको म्हणून लोक जंगलातच सोडून जातात. काळा-तांबडा, लांब कानांचा शिकारी कुत्रा, आणि बंदुकीचा बार ऐकला की थरथर कापणारा. असल्याला कोण ठेवणार. तोंडावर तर असं गांभीर्य की जणू आता सगळ्यांनी पापं कबूल करावीत. मी आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन आहे, म्हणजे दर रविवारी दानाचं ताट फिरवतो आणि कोणी झोपलं तर खाकरतो. त्याला बघून व्हर्लीन हसत सुटली.

"अरे, हा तर तूच! ताट फिरवताना अस्साच दिसतोस. याचं नाव डीकन."

"कानांचं तरी काही बघायचं होतंस."

"कानांचं बघूनच ठेवलं," ती म्हणाली.

त्याच्या काळजात जंत निघाले. आमच्याकडे डासांमुळे निम्म्या बेवारशी कुत्र्यांना असतात. औषध जहाल. सुया टोचल्या की कित्येक आठवडे कुत्र्यानं पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, उत्तेजित व्हायचं नाही. झालं तर मेलेला जंत रक्तात अडकतो आणि कुत्रा जातो. पिंजऱ्यात ठेवलं तर हा रडून रडून ऊर फोडायचा. मग व्हर्लीननं आपली आरामखुर्ची स्वयंपाकघरात ओढली आणि त्याच्या शेजारी झोपायला लागली, हात खाली सोडून, त्याच्या पाठीवर. हिवाळा तसा गेला. आदल्या वर्षीच ती मागच्या पायरीवरून पडली होती आणि तिचा खुबा मोडला होता. खुर्चीत झोपून तो आणखी दुखायला लागला. मी ओरडलो, जेनेल फोनवरून ओरडली. काही उपयोग नाही.

शेवटी जेनेल गाडी घेऊन आली आणि आईला डॉक्टरांसमोरच नेऊन बसवलं. त्यांनी बजावलं: एकटीनं राहायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत. टल्साला मुलीच्या घराजवळ एक फ्लॅट बघितला. तिथं मांजराएवढं जनावर चालतं, त्याहून मोठं नाही. ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या सुमारास, जायचं ठरलं. व्हर्लीन भांडली नाही, तेव्हाच मी ओळखलं की ती खरंच दमलीय. फक्त म्हणाली, "त्याआधी डीकनला घर मिळालं पाहिजे. नाहीतर तो परत कोंडवाड्यात जाईल, आणि एवढा मोठा, वयस्क शिकारी कुत्रा तिथून बाहेर येत नाही."

आता यापुढं जे काही झालं ते एवढ्यासाठीच झालं.

पहिल्यांदा त्याला लिटल रॉकचं एक जोडपं घेऊन गेलं. आठवडा झाला नाही तोवर परत. दिवसभर रडतो, दार ओरबाडतो, शेजाऱ्यांनी तक्रार केली. नंतर जोन्सबरोची एक शिक्षिका, ऑगलट्री बाई. एकटी, शांत, घराला कुंपण, सगळं काही जसं हवं तसं. शर्टाची पिशवी घेऊन डीकन तिच्या गाडीत बसला तेव्हा व्हर्लीन मला म्हणाली, "ही बाई टिकवेल." बाईंनी महिन्याच्या वर प्रयत्न केला. मग एका दुपारी गाडी परत अंगणात आली. बाईंचे डोळे सुजलेले. डीकननं गाडीतून उडी मारली आणि तडक स्वयंपाकघरातल्या चटईवर जाऊन असा पसरला, जसं काही मधला महिना झालाच नाही.

ऑगलट्री बाई व्हरांड्याच्या पायरीवर बसून बोलत होत्या. मी कुंपणाशी टोमॅटोला काठ्या बांधत होतो. म्हणजे ऐकत होतो.

"मी सगळं करून बघितलं हो. तो तुमचा शर्ट तोंडात धरून दाराशी नेऊन टाकायचा आणि त्यावर बसून राहायचा. दाराकडे तोंड करून. हातावर कोंबडी धरली तरी खायचं नाही. एकदा मात्र मला वाटलं, जमलं. तो शर्ट फार मळला म्हणून मी धुऊन टाकला, त्या दिवशी साहेब दोन्ही वेळा जेवले. माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपले. मग तुम्हाला फोनवर सांगितलं की शर्ट धुतला, तुम्ही लगेच दुसरा पाठवलात. आणि परत तो दाराशीच."

"बिचारा," व्हर्लीन म्हणाली.

"माझंच काहीतरी चुकलं असेल."

"तुमचं काही चुकलं नाही, बाई. काही कुत्र्यांचं तसं असतं."

मी काठी बांधता बांधता थांबलो. दोन शहाण्यासुरत्या बायका, एकीनं सांगितलं, दुसरीनं ऐकलं, आणि दोघींनाही कळलं नाही. बाईंची गाडी वळून गेली तसा मी कुंपणावरून वाकलो.

"व्हर्लीन, तुझ्या शर्टानं घोटाळा केलाय."

"काय?"

"बाकीची कुत्री त्या शर्टावर झोपायची. हा त्या शर्टावर बसून तुझी वाट बघतो. धुतला त्या दिवशी तो जेवला, ऐकलं नाहीस? आणि तू काय केलंस? दुसरा धाडलास."

"मला शिकवू नकोस ओडेल. मी किती कुत्री लावून दिली, तू किती दिलीस?"

"एकही नाही. म्हणून मला दिसतंय."

तिनं जाळीचं दार इतक्या जोरात आपटलं की आत डीकन भुंकला. त्यानंतर आमचं बोलणं बंद. ती व्हरांड्यात बसायची तेव्हा खुर्ची पलीकडे वळवून बसायची. मीही माझी वळवली. या वयात असा अबोला म्हणजे निव्वळ पोरकटपणा, पण तो धरायला तरी दुसरं होतं कोण.

मग एका संध्याकाळी तिनं कुंपणावरून कॉर्नब्रेडची, म्हणजे मक्याच्या पावाची, ताटली पुढं केली. मी घेतली.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली.

मला वाटलं, जिंकलो. पण ती तिथंच उभी राहिली, तारेला धरून.

"दुसरा शर्ट पाठवताना मला कळत होतं. सगळं नाही, पण कळत होतं. बाई म्हणाल्या, तो पायावर डोकं ठेवून झोपला, आणि मला ते ऐकवेना. मग मी शर्ट काढला अंगातला आणि पाकिटात भरला." तिनं नाक पुसलं. "तो परत आला ना ओडेल, तेव्हा मला बरं वाटलं. त्याचं घर गेलं, आणि मला बरं वाटलं. थकले रे मी. कंटाळा आला मला आपल्या हातानं देऊन टाकायचा."

"कॉर्नब्रेड छान झालाय," मी म्हणालो.

"खाल्लास कुठं अजून?"

जुलैमध्ये रोंडानं थर्मन नावाचा माणूस शोधून काढला. मिसिसिपीवर मालवाहू बोटींवर स्वयंपाक करण्यात त्याचा जन्म गेला होता. आता हेलेना गावात नदीच्या बांधाजवळ एकटा राहायचा. पोट घमेल्यासारखं, आणि इंजिनांच्या आवाजानं कान गेलेले.

"कुत्रा फार रडतो हो," रोंडानं त्याला ओरडून सांगितलं. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नाही.

"रडू दे की. मी यंत्र काढून ठेवतो," तो कानाला हात लावून म्हणाला. "माझी बायको गेली तेव्हा मीही रडायचो, शेजारी काही बोलले नाहीत."

डीकननं त्याचे बूट हुंगले, मग पँट, मग शर्टाच्या बाह्या. त्या बाह्यांत पन्नास वर्षांचं तळलेलं डुक्कर होतं. बराच वेळ हुंगत राहिला. व्हर्लीन बघत होती. मग ती थर्मनला म्हणाली, "तुमचा शर्ट काढून द्या."

"आं?"

"शर्ट! तुमचा! काढा!"

"बाई, आपली आत्ताच ओळख झाली," थर्मन म्हणाला, पण काढून दिला. माझ्या जुन्या कोटात गाडी चालवत गेला बिचारा, पुढची बटणं न लागता.

यावेळी व्हर्लीननं रीत उलटी फिरवली. तिचं कापड डीकनबरोबर जाणार नव्हतं, थर्मनचं कापड डीकनकडे राहणार होतं. थर्मन ऑगस्टच्या सुरुवातीला न्यायला येणार होता. तोवर या कुत्र्याच्या नाकातून आपल्याला पुसून टाकायचं असं तिनं ठरवलं. चटई धुतली, पांघरुणं धुतली, आरामखुर्ची बैठकीच्या खोलीत परत गेली. ती आपल्या खोलीचं दार लावून झोपायला लागली. त्याला हात लावायचा नाही, नाव घ्यायचं नाही. खाणं, फिरवणं, औषध, सगळं दुसऱ्यानं करायचं.

हा दुसरा कोण, ते सांगायला नकोच.

"मला कुत्री आवडत नाहीत," मी म्हणालो.

"म्हणून तर तूच पाहिजेस. तुला लळा लागायची भीती नाही." आणि तिनं थर्मनचा शर्ट माझ्या खांद्यावर टाकला. "हा घालून खायला घाल."

त्या शर्टात माझ्यासारखे दोन मावले असते. रोज सकाळ-संध्याकाळ मी तो तंबू अंगात घालून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, वाडगं हातात घेऊन स्वयंपाकघरात जायचो. थर्मननं फोनवर सांगितलं होतं की सकाळी तो त्याला अंडं देणार, म्हणून मी अंडं फोडून द्यायचो. डीकन वाडग्याकडे बघायचा नाही. व्हर्लीनच्या बंद दाराशी जाऊन बसायचा, दाराच्या फटीत नाक घालून लांब लांब श्वास घ्यायचा. मग पंजानं ओरबाडायचा, हळू, सभ्यपणानं. आतून रेडिओचा आवाज मोठा व्हायचा. ती गाणी ऐकत नव्हती. नुसता आवाज पाहिजे होता तिला.

शेवटचे काही आठवडे होते ते. टल्साला जायच्या आधी त्याला जवळ घेऊन बसायला तिच्याकडे तेवढेच होते, आणि ते तिनं असे दाराआड घालवले. मी एकदा म्हणालो, "अगं, दोन मिनिटं बस त्याच्याजवळ. काही बिघडत नाही."

"बिघडतं," ती म्हणाली. "दोनदा बिघडवलंय मी."

तिची कातडी त्या दिवसांत राखाडी दिसायला लागली. घरातलं सामान खोक्यांत जात होतं. ती दिवसभर भांडी कागदात गुंडाळायची, आणि डीकन खोलीत आला की हातातलं टाकून दुसऱ्या खोलीत निघून जायची. तो तिच्यामागून यायचा, ती पुढं. स्वतःच्याच घरात लपाछपी. खुबा दुखायचा, भिंतीला धरून चालायची, पण थांबायची नाही. रोंडा एकदा हे बघून बाहेर येऊन रडली. "ओडेलकाका, त्यांना सांगा, नको एवढं." मी म्हणालो, "तूच सांग, माझ्या अंगावर आधीच एक दार आपटून झालंय."

हळूहळू तो खायला लागला. आधी मी दूर गेल्यावर. मग मी तिथं असताना. मग एक दिवस अंडं संपवून त्यानं माझ्या, म्हणजे थर्मनच्या, बाहीत नाक खुपसलं आणि तसाच उभा राहिला. मी हलवलं नाही त्याला. गुडघ्यांवर बसलो होतो, पायाला मुंग्या आल्या, तरी नाही हलवलं. यावरूनच लोकांचा गैरसमज होतो.

त्या संध्याकाळी व्हर्लीननं खोलीचं दार थोडंसं उघडून मला विचारलं, "आज ओरबाडलं नाही त्यानं?"

"नाही."

"कालही नाही."

"कालही नाही."

"हं," ती म्हणाली, आणि दार लावलं. रेडिओ बंद होता. तो कधीपासून बंद होता मला माहीत नाही.

थर्मन आला तो एका शनिवारी, जुन्या पिकअप ट्रकमध्ये, पुढच्या सीटवर घोंगडी घातलेली. माझा कोट धुऊन, इस्त्री करून आणला होता. व्हर्लीन बाहेर यायला तयार नव्हती.

"मी दिसले की झालं सगळं वाया," ती म्हणाली. "मी न्हाणीघरात बसते. पंखा लावते. गाडी गेली की दार वाजव."

"निरोप तरी घे त्याचा."

"मी महिनाभर तेच करतेय, ओडेल." आणि ती भिंतीला धरून आत गेली. कडी लागली, पंख्याचा घरघराट सुरू झाला.

मी शर्ट उतरवून थर्मनच्या हातात दिला, पट्टा दिला. डीकननं शर्ट हुंगला, थर्मनला हुंगलं, आणि दोन्हींचा हिशोब जुळल्यासारखी त्याची शेपटी हलली. जाळीच्या दारातून तो बाहेर पडला. व्हरांडा, पायऱ्या, अंगण. मी मागून बघत होतो. खरं सांगतो, मला वाटत होतं, एकदा थांबेल. घराकडे नाही तर निदान माझ्याकडे. थर्मननं ट्रकचं दार उघडलं. कुत्रा उडी मारून आत चढला, घोंगडीवर दोनदा गोल फिरला आणि पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसला. ट्रक गेला.

मी परत आत आलो. न्हाणीघराबाहेर जरा वेळ उभा राहिलो. मी चर्चचा डीकन आहे, खोटं बोलत नाही. पण त्या दिवशी एक खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. सांगावं तिला की पायरीवर थांबला होता, दाराकडे बघून जरा कुंईकुंई केलं. म्हातारीला टल्साला बरोबर न्यायला तेवढं तरी. मी दार वाजवलं. पंखा बंद झाला.

ती बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "मागं बघितलं का त्यानं?"

आणि मग माझ्या लक्षात आलं की ते खोटं मी सांगितलं, तर ती आज रात्रीपासून फोनशेजारी बसेल, तो परत यायची वाट बघत. तिनं एवढं केलं ते सगळं मी एका वाक्यात धुऊन टाकीन.

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही. सरळ जाऊन गाडीत बसला."

मग कडी निघाली. ती टबाच्या कडेवर बसली होती, मांडीवर हात, डोळे लाल, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच असं दिसत होतं की आता हिला झोप लागेल.

"शेपटी?"

"वर."

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो आणि पुन्हा सांगितलं.